व्यापाऱ्यापुढे हात जोडता, मग घरी हात का उठतो?



कापसाचा भाव पडला, ज्वारी काळी पडली, सोसायटीची नोटीस आली, की गावात एक बोलणे ठरलेले: "त्याचे डोके ठिकाणावर नव्हते, म्हणून बायकोला मारले."

हे खोटे आहे. तोच माणूस सकाळी जिनिंगवर गेला होता. ओलावा दाखवून भाव पाडला, काट्यात मारले. तरी त्याने हात जोडले. बँकेत साहेबापुढे मान खाली घातली. तिथे डोके ठिकाणावर होते! ते फक्त उंबऱ्याच्या आत सुटते, कारण आत उलटून मारणारे कोणी नाही.

आणि मार कोणाला? जिने निंदण केले, कंबर मोडेस्तोवर कापूस वेचला तिला. भाव पडला तो तिच्याही घामाचा पडला.

दारूवर ढकलून सुटू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते, नवरा वारंवार झिंगून येतो तिथे शंभरातल्या ७० बायकांनी त्याची हिंसा सोसली आहे. पण नवरा थेंबही घेत नाही तिथेही २३ जणींनी. दारू आग भडकवते, काडी आपलीच.

झोप उडणे, अन्न नकोसे होणे, जीव नकोसा होणे हा आजार आहे, हे खरेच. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत १,२२,७२४ पुरुष. रडला तर बायकी, मारले तर मर्द, ही शिकवण बायकोचे हाड मोडते आणि नवऱ्याला विषाच्या डब्याकडे नेते. पण आजार म्हणजे मारण्याचा परवाना नव्हे. कितीतरी जण असे आजारी असतात आणि कोणावरही हात उचलत नाहीत.

बैठकीत नुसत्या माना डोलावू नका. शेजारच्या घरातून ओरडणे ऐकू आले तर दार वाजवा. आधी तिला सुरक्षित करा. तडजोडीच्या नावाखाली त्याच घरात परत ढकलू नका. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिला त्याच घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षण देतो. ज्याचे मन खचले त्याला जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, किंवा १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलते करा.

घामाचे दाम बाजारात मागायचे, सरकारकडे मागायचे. त्याची वसुली बायकोच्या पाठीवर करणारा लढवय्या नव्हे.