ऑइल फिल्टर सुटत नाहीये? आधी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा!

मागच्या रविवारी बेंगळुरूच्या आमच्या घराच्या पार्किंगमध्ये मी आणि बाबा गाडीचं ऑइल बदलत होतो. ऑइल निघालं, पण फिल्टर काही जागचा हलेना. बाबांनी फडकं लावून पिळला, मीही पिळला. आई वरून दोनदा ओरडली, "पोहे गार झाले!"

तुमच्यावरही ही वेळ येऊ शकते. फिल्टर अडकतो तो बहुतेक वेळा आधीच्या माणसामुळे. त्याने तो गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो किंवा रबरी रिंगला ऑइल न लावता कोरडाच बसवलेला असतो. इंजिनाच्या उष्णतेने ते रबर कडक होऊन चिकटतं.

बाबा म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकू आणि फिरवू." हा उपाय खूप जण सांगतात, पण फिल्टरचा पत्रा पातळ असतो. तो फाटला की पकडायलाही काही उरत नाही, आणि ऑइल काढून टाकलेली गाडी गॅरेजपर्यंत चालवताही येत नाही. म्हणून हा अगदी शेवटचा पर्याय ठेवा.

त्याआधी फिल्टरवरचं तेल पुसून कोरडं करा. त्याभोवती पॉलिश पेपर गुंडाळा, खरखरीत बाजू आत, आणि फिल्टरच्या तोंडाकडे बघत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. (गाडीखाली आडवं पडल्यावर दिशा हमखास चुकते. बाबा पाच मिनिटं आवळतच होते!) तरीही हलला नाही, तर पट्ट्याचा पाना आणा. आमच्याकडे जेसी रोडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत तो सहज मिळतो. पट्टा फिल्टरच्या बुडाकडे नाही, इंजिनाच्या बाजूला बसवा. तिथला पत्रा चेपत नाही. इंजिन कोमट असेल तर सोपं जातं, पण गरम असताना हात घालू नका.

आणि हो, पाना आणल्यावर बाबा नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली सरकायला निघाले. मी हात धरून मागे ओढलं. जॅक सरकला तर सावरायला वेळ मिळत नाही. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना अडसर आणि जॅक स्टँड, एवढं असेल तरच खाली जा.

आमचा फिल्टर पान्याने कट्कन सुटला. पण जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती! ती नीट बघून काढा. तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर गाडी सुरू करताच ऑइल बाहेर फेकलं जातं आणि इंजिन कोरडं पडतं. नव्या रिंगला बोटाने ऑइल लावा, रबर टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळा. पाना नको. नेमका आकडा फिल्टरच्या खोक्यावर असतो. ऑइल भरून इंजिन थोडा वेळ चालवा, कुठे गळतंय का बघा, बंद करून डिपस्टिक तपासा.

उरलेलं काळं ऑइल गटारात ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि इथले राजकालुवे, म्हणजे पावसाळी नाले, तलावांकडेच जातात. आम्ही ते कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला दिलं. तिथल्या मेकॅनिकने बाबांचे काळे हात बघून विचारलं, "फिल्टर अडकला होता का, सर?"

पोहे अर्थातच पुन्हा गरम करावे लागले.