विश्लेषण : ‘टाइप ए’ स्वभाव आणि हार्ट अटॅक, हे नातं किती खरं?

लिफ्टचं बटण चार वेळा दाबणारा, समोरच्याचं वाक्य स्वतःच पूर्ण करणारा, रविवारीही मेल तपासणारा माणूस म्हणजे ‘टाइप ए’. निवांत असतो तो ‘टाइप बी’. सोशल मीडियावर अशा रील्सना तोटा नाही. त्यांचा इशाराही ठरलेला असतो : टाइप ए असाल तर हृदय सांभाळा. पण हा इशारा ज्या संशोधनावर उभा आहे, त्याचा मोठा भाग पुढे टिकलाच नाही.

हे आलं कुठून?

सॅन फ्रान्सिस्कोतले हृदयरोगतज्ज्ञ मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन यांनी १९५९ मध्ये ही कल्पना मांडली. त्यांच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्यांचं कापड बदलायला आलेल्या कारागिराला त्या फक्त पुढच्या कडेला झिजलेल्या दिसल्या, म्हणजे पेशंट कायम उठायच्या तयारीत बसत असणार, असा किस्सा सांगितला जातो. संशोधनापेक्षा हा किस्साच जास्त गाजला.

पुढे कॅलिफोर्नियात ३९ ते ५९ वयाच्या ३,१५४ पुरुषांवर साडेआठ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. टाइप ए पुरुषांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण साधारण दुप्पट निघालं. अभ्यासात एकही बाई नव्हती, तरी निष्कर्ष सगळ्यांनाच लावला गेला.

मग गडबड कुठे झाली?

१९८५ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात हा संबंध दिसला नाही. १९८८ मध्ये तर उलटंच घडलं. कॅलिफोर्नियातल्या मूळ अभ्यासात ज्यांना हृदयविकार झाला होता, त्यांची पुढची वर्षं तपासली गेली. पहिल्या झटक्यातून वाचलेल्यांमध्ये नंतरच्या मृत्यूंचं प्रमाण टाइप बीपेक्षा टाइप ए पुरुषांमध्ये कमी होतं.

दरम्यान या कल्पनेला एक श्रीमंत पाठीराखा मिळाला होता. ब्रिटिश संशोधक मार्क पेटिक्रू आणि सहकाऱ्यांनी तंबाखू कंपन्यांची खुली झालेली अंतर्गत कागदपत्रं तपासून २०१२ मध्ये दाखवलं, की फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने टाइप एवरच्या संशोधनाला अनेक वर्षं पैसा पुरवला. कंपनीचा फायदा उघड होता. हार्ट अटॅकचं खापर स्वभावावर फुटलं, की सिगारेटवरचा आरोप सौम्य होतो. पैसा घेतला म्हणून संशोधन आपोआप खोटं ठरत नाही, हेही खरं. पण कोणता निष्कर्ष किती गाजतो, यावर त्या पैशाचा परिणाम होतोच.

म्हणजे स्वभावाचा काहीच संबंध नाही?

आहे, पण तो घाईशी किंवा महत्त्वाकांक्षेशी नाही. टाइप एचे घटक सुटे करून पाहिल्यावर त्यातला राग आणि इतरांबद्दलचा कडवट संशय हेच उरले. २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात अशा निरोगी लोकांमध्ये हृदयविकाराचा धोका सुमारे १९ टक्क्यांनी जास्त दिसला. दुपटीच्या दाव्यापुढे हा आकडा किरकोळ आहे. रागात रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. शिवाय सतत धुमसणारी माणसं सिगारेट, दारू जास्त जवळ करतात. त्यामुळे नुकसान रागाने किती केलं आणि सवयींनी किती, हे वेगळं काढणं अवघड जातं.

मधल्या काळात ‘टाइप डी’ही आला : सतत खिन्न असणारा आणि मनातलं मनातच ठेवणारा. योहान डेनोलेट यांच्या १४ प्रश्नांच्या चाचणीवरून तो ओळखतात. सुरुवातीचे निष्कर्ष धक्कादायक होते, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत ते बरेच सौम्य झाले.

२००४ च्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासात भारतही होता. पहिल्या हार्ट अटॅकचा बहुतांश धोका नऊ गोष्टींत सापडला. मानसिक ताण त्यात होता. पण धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह आणि पोटाचा घेरही होते. दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतर देशांत ५९ च्या आसपास.