सौरपंपाची मोटर फिरते, मग पाणी का येत नाही?

पहूर (ता. जामनेर) : रात्रीच्या पाळीची लाईट आली की बॅटरी घेऊन शेतात जायचं, साप-किरडाची भीती धरून पाणी भरायचं, हे कपाशी-केळीवाल्यांना नवं नाही. त्यामुळे 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेकडे ओढा वाढणं साहजिकच. सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात.

पण पंप बसल्यावर वेगळंच कोडं पडतं. सकाळी लवकर किंवा ढगाळ दिवशी मोटर फिरते, पाईपातून मात्र थेंब नाही. मग शिव्या कंपनीला. दोष दर वेळी मोटरीचाच असतो असं नाही.

पॅनलमधून निघते ती डीसी वीज, एकाच दिशेने वाहणारी. बऱ्याच पंपांच्या मोटरीला मात्र थ्री फेज एसी लागते, सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे ५० हर्ट्झ. मधला कंट्रोलर डीसी वीज झपाट्याने चालू-बंद करत तिची थ्री फेज एसी बनवतो. ऊन कमी झालं की तो मोटर थांबवत नाही, आवर्तनं कमी करतो. मोटर हळू फिरते.

खरी मेख इथंच आहे. फेरे निम्मे झाले तर पाणी चढवायची ताकद निम्मी होत नाही, चौथाईवर येते. ५० हर्ट्झला जास्तीत जास्त ६० मीटर चढवणारा पंप ४० हर्ट्झला जेमतेम ३८ मीटर चढवतो. पाणी ४० मीटर खोल असेल तर मोटर नुसतीच घुमणार.

म्हणून पाहणीला माणूस आला की मे महिन्यातली पातळी सांगावी. पावसाळ्यातली भरलेली विहीर दाखवून पंप घेतला, तर ऐन गरजेच्या वेळी तो तोकडा पडतो.

काही जण जुनी मोटर थेट पॅनलला जोडायचा जुगाड करू पाहतात. डीसीवर एसी मोटर फिरतच नाही, नुसती तापते आणि जळते. शिवाय ऊन असेपर्यंत पॅनलच्या वायरीत वीज असतेच, स्टार्टर पाडला तरी. योजनेत पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे, मग हा खटाटोप कशाला?

पाऊस चांगला झाला की पॅनल महिनोन् महिने रिकामे बसतात, ते वेगळंच. त्यावर कडबाकुट्टी, पिठाची चक्की चालवता येते, पण त्याला युनिव्हर्सल कंट्रोलर लागतो. साध्या कंट्रोलरवर ते जमत नाही.