चांद पाहून गळ टाका

कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर भागातल्या आपल्या घरांना समुद्र तसा लांब नाही. खोपोली-पेण रस्त्याने अलिबाग पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून बासी ईदला मुलाबाळांसह वरसोली, अक्षी, नागाव किंवा रेवदंडा गाठायचं आणि दोन तास गरवायचं, असा बेत घरोघरी होतो. परतताना मात्र तीनच विषय असतात: गर्दी, गाडी लावायला न मिळालेली जागा आणि उडालेला पैसा.

तिन्हींचं मूळ एकच. दिवस आपण सुट्टी पाहून ठरवतो. मासा पाण्याचा फेर पाहून येतो. त्या फेराचा हिशेब आपल्या भिंतीवरच टांगलेला आहे, हिजरी कॅलेंडरच्या रूपात.

किनाऱ्यावरचे जाणते लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. आपला चांद अमावास्येनंतर दिसतो, म्हणून चांदाच्या तारखेत एक मिळवून पाऊणपट करावी. तारीख पंधराच्या पुढे गेली की एक मिळवण्याऐवजी त्यातून चौदा वजा करावेत. हा अंदाज आहे. नक्की वेळ निघण्याआधी भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी.

आता बासी ईदचा हिशेब करा. शव्वालची २ तारीख. दोन अधिक एक तीन, त्याची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे भरती दुपारी दोनच्या सुमारास, आणि तीही उधाणाची. सकाळी दहाला पोहोचतो तेव्हा वाळू लांबवर मोकळी दिसते. बाहेर जागा नसते, म्हणून गाडी वाळूत उतरवली जाते. जेवणं आटोपेपर्यंत पाणी चाकांना लागतं. गाडी ट्रॅक्टरने ओढून काढता येईल. पण तेवढ्या वेळात ओल्या खडकावर गळ घेऊन बसलेल्या मुलाकडे कोणाचं लक्ष असतं? म्हणून बासी ईदला नातेवाइकांकडे जावं, गळ घरीच ठेवावा.

गरवण्यासाठी चांद ८-९ किंवा २३-२४ धरा. हे भांगाच्या भरतीचे दिवस. पाणी कमी चढतं, ओढही कमी. भरती सकाळी पावणेसात ते साडेसातच्या सुमारास पूर्ण होते. पहाटे निघावं, फजर वाटेत पेणला अदा करावी आणि सहाच्या सुमारास किनारा गाठावा. भरतीचा शेवटचा तास आणि ओहोटीचा पहिला तास गरवायला पुरतो. नऊला सामान आवरलं की गर्दी येत असते आणि आपण परत निघालेले असतो. रविवारी संध्याकाळची वडखळकडची रांगही टळते. असा दिवस शनिवारी आला तर सोन्याहून पिवळं.

खर्चाचं गणितही सरळ आहे. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, लिटरला पंधरा धरले तर दहा लिटर पेट्रोल. दोन घरांनी एक गाडी केली की निम्मं. महागडा रॉड मुलांना लागत नाही. तंगूस, शिसं, दोन-चार गळ आणि आमिषाला थोडी कोळंबी पुरे. नाश्ता घरून न्यावा. मासा लागला नाही तर परतताना कोळणीकडून ताजी बोय घ्यावी. सकाळ वाया गेली असं कोणी म्हणणार नाही. शिंगाळा लागला तर मुलांना हात लावू देऊ नये, त्याचा काटा विषारी असतो.

गाडी उभी करताना कोणाचं दार, वाडीची वाट किंवा होड्या ओढायची जागा अडवू नये. वाटेतली अडचण दूर करणं हा ईमानचा भाग, असं आपण मुलांना शिकवतो. मग आपली गाडीच ती अडचण होऊ नये. तुटलेला तंगूस वाळूत टाकू नये, त्यात पक्षी अडकतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असताना किनाऱ्यावरून गरवणंही नको.

समुद्राची शिकार अल्लाहने हलाल केली आहे, हे सूरह माइदामध्ये आलं आहे. ती रोजी मिळवायला गडबड लागत नाही. पुढची सहल ठरवताना “सुट्टी कधी?” याआधी घरात एवढंच विचारा: “आज चांद कितवा?”