धाप आणि वाट

चुलीपुढे तीस-चाळीस वर्षे धूर गिळलेली स्त्री साठीच्या सुमारास जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबते, कठडा धरते, आणि घरची माणसे खऱ्या मायेने म्हणतात, 'तुम्ही बसा आई, आम्ही करतो'. त्या दिवसापासून तिचे चालणे हळूहळू सुटते. सीओपीडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फुप्फुसविकाराच्या रुग्णांना हालचालीपासून परावृत्त करणाऱ्या कारणांत मी ही माया अग्रस्थानी ठेवतो, कारण तिच्याविरुद्ध तक्रार कोठे गुदरावी?

या विकारात आकुंचित श्वासनलिकांतून हवा आत जाते, पण पुरती बाहेर पडत नाही. चालण्याचा वेग वाढला की उच्छ्वास संपण्यापूर्वीच पुढचा श्वास घ्यावा लागतो, छातीत जुनी हवा साठत जाते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. ती घुसमट ज्याने अनुभवली, त्याने अंथरूण जवळ केले तर त्याला आळशी म्हणणे हा अन्याय होय. तथापि विश्रांतीने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, क्षीण स्नायू तेवढ्याच श्रमासाठी अधिक श्वास मागतात, आणि काल जिन्यावर लागणारी धाप पुढे स्नान करतानाही लागते. शीळ घालावी तसे ओठ आवळून सावकाश श्वास सोडणे, थांबत थांबत चालणे, पायांना बळ आणणे, हे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सहा-आठ आठवडे शिकविल्यास धाप कमी होते व चालण्याचे अंतर वाढते, याविषयी वैद्यकशास्त्रात आता वाद उरलेला नाही; परंतु तालुक्याच्या गावी ही सोय क्वचितच आढळते, आणि आठवड्यातून दोनदा जिल्ह्याला जायचे तर एस.टी.चे भाडे आणि सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज यांचा हिशेब आड येतो. सरकारने जिल्हा रुग्णालयांपुरते न थांबता ग्रामीण रुग्णालयांतही ही तजवीज करावी.

आणि शिकून आलेल्याने चालावे कोठे? पदपथ दुचाक्यांनी व्यापलेले. हिवाळ्यात ज्या पहाटेला आपण फिरण्याची उत्तम वेळ मानतो, नेमक्या त्याच वेळी शेकोट्यांचा आणि कचरा जाळल्याचा धूर थंड हवेत जमिनीलगत साचलेला. अशा रुग्णाने ऊन वर आल्यावरच निघावे, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. आणि नगरपालिकांनी पदपथ मोकळे करून दर शंभर पावलांवर एक बाक ठेवावा; त्याला फार मोठ्या मंजुरीची गरज नाही. पुढचा बाक नजरेत असला की धाप लागणारा माणूस तिथवर चालत जातो.