सरत्या वर्षाची यादी आणि सेन्सॉरची कात्री

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की प्रस्थापित वृत्तपत्रांच्या पुरवण्या याद्यांनी भरून जातात. वर्षातले दहा चित्रपट, दहा गाणी, दहा पुस्तके. 2025 च्या याद्यांत 'छावा', 'सैयारा', 'धुरंधर' ही नावे ठरलेलीच, आणि कोणी किती कोटी कमावले त्याचे आकडे सोबत. ज्याला जे आवडते ते त्याने पाहावे, आमची त्याबद्दल तक्रार नाही. पण आंबेडकरी वाचकाने या वर्षाची यादी करायला घेतली तर त्याला एक जादा रकाना आखावा लागेल. आपल्याला काय ऐकू दिले नाही, हा तो रकाना.

वर्षाची सुरुवातच तशी झाली. फेब्रुवारीत 'चल हल्ला बोल' या मराठी चित्रपटाला प्रमाणपत्र देताना सेन्सॉर बोर्डाच्या अधिकाऱ्याने, नामदेव ढसाळ कोण, आम्ही त्यांना ओळखत नाही, असे सांगितल्याची बातमी आली. ढसाळांच्या कविता काढा, असाही आग्रह होता. कोण ढसाळ? 1972 साली 'गोलपिठा' लिहून ज्याने मराठी कवितेची भाषाच बदलली, त्याच वर्षी सहकाऱ्यांसह दलित पँथर उभी केली, आणि ज्याला भारत सरकारने 1999 मध्ये पद्मश्री दिली, तो. एका सरकारी खात्याने सन्मान करायचा आणि दुसऱ्याने ओळख विचारायची! बोर्डाचे मुख्यालय मुंबईतच आहे. तिथून गोलपिठा टॅक्सीने फार लांब नाही.

एप्रिलमध्ये याहून मोठा प्रकार घडला. अनंत महादेवन यांचा 'फुले' हा हिंदी चित्रपट तात्यासाहेबांच्या जयंतीदिनी, 11 एप्रिलला यायचा होता. काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, बोर्डाने बदल सुचवले आणि चित्रपट 25 तारखेला आला. बदल कोणते? 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द नकोत. मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख नको. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणू नका, नुसती कित्येक वर्षांची म्हणा. झाडू घेतलेल्या माणसाचे दृश्य बदला. प्रतीक गांधी आणि पत्रलेखा यांनी भूमिका मनापासून केल्या आहेत. चित्रपट थोडा पाठ्यपुस्तकी झाला आहे, हेही सांगितले पाहिजे. पण प्रश्न त्याच्या बऱ्यावाईटाचा नाही. ज्यांच्यासाठी या दांपत्याने शेणाचा मारा सोसला त्यांचे नाव न घेता त्यांची शाळा दाखवायची कशी?

त्याच शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या पत्राने तिचा निबंध छापला. त्याच्या नावातच मांग आहेत, महार आहेत: 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. वेदांवर आमचा अधिकार नाही असे भटजी म्हणतात, मग आमचा धर्म तरी कोणता, असा सवाल ती शाळकरी पोर देवाला करते. इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून मांग-महारांना पुरत होते, हे ती लिहिते. बाजीरावाच्या राज्यात आपल्या माणसांचे काय हाल होते, तेही नाव घेऊन सांगते. या गोष्टीला 170 वर्षे झाली. इंग्रजी अमदानीत एका मुलीने लिहिलेले आणि संपादकाने छापलेले शब्द स्वतंत्र भारतात, बाबासाहेबांच्या संविधानाला 75 वर्षे झाल्यावर, पडद्यावर उच्चारायचे नाहीत! जात पाळणाऱ्याला कात्री लागत नाही, जातीचे नाव घेणाऱ्याला लागते. मनुवाद्यांचे हे तंत्र जुनेच आहे.

ऑगस्टमध्ये 'धडक 2' आला. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'वरून 2018 मध्ये पहिला 'धडक' काढला तेव्हा हिंदीवाल्यांनी त्यातली जात धुऊन काढली होती. या वेळी दिग्दर्शिका शाझिया इक्बाल यांनी मारी सेल्वराज यांचा तमिळ 'परियेरुम पेरुमाळ' घेतला आणि कायद्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या दलित मुलाची गोष्ट जात न लपवता सांगितली. बोर्डाची कात्री इथेही चालली. नायकाला रंग लावून काळे केले आहे, ते मात्र खटकते. काळ्या रंगाचे नट या देशात मिळत नाहीत काय?

आमच्या यादीत पहिला क्रमांक नीरज घायवान यांच्या 'होमबाउंड'चा. कानमध्ये वाखाणला गेला, भारतातर्फे ऑस्करला गेला, पण 26 सप्टेंबरला आपल्याकडे लागला तेव्हा थिएटरात फार टिकला नाही. चंदन हा दलित आणि शोएब हा मुसलमान, दोघे मित्र. पोलीस भरतीची तयारी करतात, कारण वर्दी चढली की अपमान थांबेल असे त्यांना वाटते. पुढे सुरतेची गिरणी, 2020 ची टाळेबंदी आणि गावाकडची वाट. भरतीच्या अर्जात चंदन आपला प्रवर्ग लिहीत नाही, सर्वसाधारण लिहितो. आडनाव विचारले की क्षणभर थांबणाऱ्या आपल्या हजारो मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. त्याची आई शाळेत पोषण आहार शिजवते, तर तिच्या हातचे मुलांनी खाऊ नये म्हणून पालक भांडायला येतात. तिच्या भेगाळलेल्या टाचा मला अजून दिसतात. नामवंत परीक्षकांनी छायाचित्रणावर परिच्छेद लिहिले. त्या टाचांवर कोणी दोन ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

'संतोष'बद्दल लिहायचे होते, पण पाहायलाच मिळाला नाही. दलित मुलीच्या खुनाचा तपास आणि पोलिसांतली जातीयता हा संध्या सुरी यांच्या चित्रपटाचा विषय. ब्रिटनने तो आपल्यातर्फे ऑस्करला पाठवला. जानेवारीत इथे लागणार होता, बोर्डाने अडवला. ऑक्टोबरात ओटीटीची तारीख जाहीर झाली, तीही रद्द झाली. या यादीत त्याची जागा रिकामी ठेवली आहे.

पुस्तकांत बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'ला मे महिन्यात आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला, हा आनंद मोठा. कन्नडमधल्या बंडाय चळवळीतून आलेली ही वकील लेखिका. दलित आणि मुस्लिम लेखकांनी खांद्याला खांदा लावून ती चळवळ वाढवली होती. पुढे म्हैसूरच्या दसऱ्याचे उद्घाटन त्यांच्या हस्ते होऊ नये म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि हात हलवत परत आले.

आणि गाणी? आपल्या जलशांनी गावोगाव फिरताना कोणाची परवानगी मागितली नव्हती. वामनदादा कर्डकांची गाणी वह्यांत उतरली, कॅसेटवर आली, आता मोबाईलवर आहेत. डीजेवर वाजणाऱ्या काही नव्या भीमगीतांत नुसताच आवाज असतो, शब्द सापडत नाहीत. पण कडूबाई खरात एकतारी घेऊन गाऊ लागल्या की घरातली म्हातारी माणसे टीव्ही बंद करायला सांगतात.

6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे नेहमीसारखी रेटारेटी होती. लोक भाकरीच्या फडक्यातून पैसे काढून पुस्तके घेत होते. मी मुक्ता साळवेच्या निबंधाची पातळशी पुस्तिका घेतली आणि नववीतल्या पुतणीला दिली. 3 जानेवारीला शाळेत सावित्रीमाईंच्या जयंतीला तिला बोलायचे आहे. तिने त्यातले दीड पान निवडले आहे, आणि सध्या रोज संध्याकाळी ते मोठ्याने पाठ करते आहे.