सोहळ्यातले महंत आणि रेशनकार्डावरचं नाव

मा. मुख्यमंत्री, मुख्य सचिव आणि राजशिष्टाचार विभागातील अधिकारी यांस,



मे 2023 मध्ये समलिंगी विवाहाच्या खटल्यात केंद्र सरकारने सात राज्यांची उत्तरं सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी साफ विरोध कळवला होता. राजस्थानात तेव्हा काँग्रेस, आंध्रात वायएसआर काँग्रेस आणि आसामात भाजप सत्तेवर होता. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष या एका मुद्द्यावर किती सहज एकत्र आले पाहा. महाराष्ट्राने नकार दिला नाही. उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीमसोबत आपण कळवलं की विषयावर सखोल आणि व्यापक चर्चा व्हायला हवी, त्यासाठी वेळ लागेल.

मला ते उत्तर बरं वाटलं. ‘नाही’ म्हणणाऱ्याशी भांडता येतं, एवढंच. ‘चर्चा करू’ म्हणणाऱ्याला मात्र विचारता येतं, की केव्हा, कुठे आणि कोणाशी? तेव्हा मुख्यमंत्री वेगळे होते, आजचे मुख्यमंत्री उपमुख्यमंत्री होते. पण उत्तर राज्याचं होतं आणि राज्य तेच आहे.

यात राजशिष्टाचार विभाग कुठून आला, असं वाटेल. तो निमंत्रणांच्या यादीतून आला. या खटल्याची सुनावणी 11 मे 2023 ला संपली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, 28 मे रोजी, नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं. तामिळनाडूच्या मठांचे अधीनम आले, मंत्रोच्चारात सेंगोल हा राजदंड लोकसभा अध्यक्षांच्या आसनाजवळ बसवला गेला, सर्वधर्म प्रार्थना झाली. पुढे 5 डिसेंबर 2024 रोजी मुंबईत आझाद मैदानावर आपल्या सरकारचा शपथविधी झाला, तेव्हा साधुसंतांना आणि महंतांना खास निमंत्रणं होती. कुणी भगव्या वस्त्रात किंवा पांढऱ्या झग्यात येऊन बसलं म्हणून राज्यघटना कोसळत नाही, हे मलाही कळतं. वारीचं राज्य आहे हे. आषाढीला मुख्यमंत्री विठ्ठलाची महापूजा करतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. धर्मपीठांना सोहळ्यात मान मिळतो आणि त्याच मानाच्या जोरावर ती कायद्याच्या प्रश्नात पक्षकार होतात. समलिंगी विवाहाला विरोध करायला अखिल भारतीय संत समिती न्यायालयात गेली, जमियत उलेमा-ए-हिंदही गेली. एका सतरंजीवर बसायला सहसा राजी नसलेले हे दोघे इथे एका बाजूला होते. जाऊ द्या, तो त्यांचा हक्क. पण ज्या लग्नाला ते विरोध करत होते, त्या लग्नात त्यांना बोलावणार कोण होतं? सुनावणीच्या सुरुवातीलाच सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी स्पष्ट केलं होतं, की धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांना हात न लावता 1954 च्या विशेष विवाह कायद्यापुरता विचार होईल. त्या कायद्यात भटजी नाही, काझी नाही, पाद्री नाही. तीस दिवसांची नोटीस, विवाह अधिकारी, तीन साक्षीदार आणि सह्या. धर्माचा ज्याच्याशी काडीचा संबंध नाही अशा एका सरकारी नोंदवहीबद्दल धर्माचार्य हिरिरीने बोलत होते. आणि नातं ज्यांचं होतं, त्यांच्या मागणीला केंद्राने शहरी उच्चभ्रूंचं मत म्हणून बाजूला सारलं.

हे महाराष्ट्रानेच आधी ओळखायला हवं होतं. पुरोहिताशिवाय लागलेलं लग्न हे लग्न असतं का, हा वाद आपल्याकडे दीडशे वर्षं जुना आहे. 25 डिसेंबर 1873 ला पुण्यात सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह झाला. पुढे सत्यशोधकांच्या लग्नांवरून ग्रामजोशी, म्हणजे गावचे पुरोहित, थेट कोर्टात गेले. तुम्ही आम्हाला बोलावलं नसलं तरी आमची दक्षिणा आम्हाला मिळालीच पाहिजे, असा त्यांचा दावा. आम्ही नसू तर विवाहच नाही, ही धारणा इतकी पक्की होती. ती आजही गेलेली नाही, फक्त दक्षिणेच्या जागी आता संमती मागितली जाते.

शाहू महाराजांचंही पाहा. 1899 मध्ये पंचगंगेवर पुरोहिताने त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणायला नकार दिला आणि वेदोक्त प्रकरण पेटलं. दरबारातल्या धर्मकार्याचा मानकरी कोण, हा प्रश्न महाराजांनी पुरोहितांवर सोडला नाही. राजोपाध्यांचं वतन काढून घेतलं, 1920 मध्ये तर क्षात्रजगद्गुरूंचं स्वतंत्र पीठ उभं केलं. आणि त्याच्या आदल्या वर्षी, 1919 मध्ये, कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना कायद्याने मान्यता दिली. तेव्हाच्या धर्मपीठांना विचारून हा कायदा होणार होता का? शाहूंचं नाव प्रत्येक भाषणात घेणाऱ्या सरकारला याची आठवण करून द्यावी लागते, याचंच जरा नवल वाटतं.

धर्म एका सुरात बोलतो, हेही खरं नाही. तृतीयपंथीयांच्या किन्नर आखाड्याच्या आचार्य महामंडलेश्वर लक्ष्मीनारायण त्रिपाठी मूळच्या ठाण्याच्या. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणाऱ्या 2014 च्या ऐतिहासिक निकालाच्या खटल्यात त्या न्याय मागणाऱ्यांच्या बाजूने उभ्या होत्या. नाशिकच्या सिंहस्थाची तयारी करताना आखाड्यांशी बैठका होतात, तेव्हा ‘धर्माचं मत’ म्हणजे नेमकं कोणाचं, हेही विचारून घ्यावं.

अमेरिकेत हा वाद उघडपणे झाला, म्हणून त्याचा उल्लेख करतो आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी सुमारे 52 टक्के मतांनी समलिंगी विवाह बंद केले. त्या प्रस्तावाला पाठिंबा देणारे पास्टर रिक वॉरन यांनाच बराक ओबामांनी 20 जानेवारी 2009 च्या शपथविधीत प्रार्थनेसाठी बोलावलं. समलिंगी नागरिक संतापले. मग दोन दिवस आधीच्या कार्यक्रमाला, लिंकन स्मारकापाशी, स्वतः समलिंगी असलेले बिशप जीन रॉबिन्सन यांना प्रार्थनेचा मान मिळाला, आणि टीव्हीच्या थेट प्रक्षेपणात नेमकी तीच प्रार्थना दिसली नाही. चार वर्षांनी दुसऱ्या शपथविधीसाठी निवडलेल्या लुई गिग्लिओ या पास्टरांचं समलैंगिकतेविरुद्धचं जुनं प्रवचन बाहेर आलं आणि त्यांना माघार घ्यावी लागली. या सगळ्यात गोंधळ होता, सारवासारव होती. पण यादी जाहीर होती, लोकांनी जाब विचारला आणि बोलावणाऱ्यांना उत्तर द्यावं लागलं. आझाद मैदानावरची यादी कोणत्या निकषांवर झाली, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं?

17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचं सांगितलं, कायदा करणं विधिमंडळांवर सोडलं. जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे न्यायालयाचं दार आता बंद झाल्यातच जमा आहे. राहिली संसद, आणि तुम्ही. विवाह हा समवर्ती सूचीतला विषय आहे. दिल्लीकडे बोट दाखवून राज्याला पूर्ण सुटका मिळत नाही.

विवाहाचा कायदा उद्या करा असं मी म्हणत नाही, म्हटलं तरी तुम्ही करणार नाही. पण ज्या चर्चेचा शब्द दिला, ती करा, आणि मुंबईच्या वातानुकूलित सभागृहात उरकू नका. लातूर, नागपूर, कोल्हापूर, धुळे इथे जाहीर सुनावण्या घ्या म्हणजे ‘शहरी उच्चभ्रू’ किती आहेत ते समोर येईल. जोडप्यांना बोलवा, त्यांच्या आईवडिलांना बोलवा. महंत, मौलवी, बिशप यांनाही जरूर बोलवा, पण इतरांसारखीच पाच मिनिटं द्या. आणि ऑगस्ट 2024 मधल्या केंद्राच्या सूचनांचं आपल्याकडे काय झालं, ते जाहीर करा. रेशनकार्डासाठी समलिंगी जोडीदार एकाच कुटुंबातले मानावेत, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, या त्यातल्या दोन गोष्टी. पहिली पुरवठा विभागाची, दुसरी आरोग्य विभागाची. दोन्हींसाठी नवा कायदा नको, तहसील कार्यालयापर्यंत आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचणारा स्पष्ट शासन निर्णय पुरे. तो निघाला असेल तर त्याची प्रत प्रत्येक तहसील कार्यालयाच्या फलकावर लावा. निघाला नसेल तर तारीख सांगा.

कळावे,

आपल्या राज्याचा एक मतदार